देखणं लाकूड परदेशातच मिळतं, म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

लाकूडकाम करणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दागिन्यांची पेटी, करंडा, जडावकाम अशा नाजूक कामाला परदेशी लाकूडच हवं. पडाउकचा लाल, पर्पलहार्टचा जांभळा, झेब्रावूडचे पट्टे आपल्याकडे नाहीत. हे रंग कायम टिकतात, भट्टीत वाळवलेलं असल्याने हे लाकूड पावसाळ्यातही हलत नाही, त्याला कीड लागत नाही, आणि ते वापरलं की आपली झाडं वाचतात. कोकणातला आंबा-फणस खोक्यांपुरता नि सरपणापुरता. हे वाचून रत्नागिरी-सिंधुदुर्गातली नवी मुलं मुंबईहून वीतभर तुकडे भारी किमतीला मागवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी रंगाचं. पर्पलहार्ट कापल्या कापल्या मातकट दिसतं, हवा-उजेड लागला की जांभळं होतं, इथपर्यंत खरं. पण तोच उजेड पुढे त्याला तपकिरीकडे नेतो. पडाउकचा शेंदरी लालही असाच उतरत जातो. उन्हातले अतिनील किरण लाकडातली रंगद्रव्यं मोडतात. चांगलं फिनिश हे लांबवतं, थांबवत नाही. ओटीवर किंवा खिडकीपाशी ठेवायच्या वस्तूला ‘कायमचा जांभळा’ म्हणून गिऱ्हाइकाकडून पैसे घेणं मला पटत नाही.

फणसाचा रंगही बदलतो, पण बदलून तो खुलतोच. ताज्या गाभ्यावर रंधा मारा, हळदीसारखा पिवळा निघतो. या गाभ्यातल्याच रंगाने ब्रह्मदेश-थायलंडकडचे बौद्ध भिक्षू चीवरं रंगवत आले. उजेडात तो पिवळा आधी मधासारखा आणि वर्षं गेली की तांबूस तपकिरी होतो. जुन्या घरातलं फणसाचं दार पुसून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल. तंजावरची वीणा याच लाकडातून घडते. ज्या लाकडावर वीणेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या विसंबले, त्याला खोक्याचं लाकूड कसं म्हणायचं?

‘आपल्याकडे नक्षी नाही’ हा मुद्दा तर मला सर्वांत जास्त लागला. असाणा, म्हणजे बिबळा किंवा बिजा, घ्या. तो पडाउकच्याच कुळातला, रक्तचंदनाचा भाऊबंद. सोनेरी तपकिरी गाभा, त्यात गडद रेषा. त्याची ढलपी पाण्यात टाकून उन्हात धरली तर पाण्यावर निळी झाक चमकते. ओला झाला की तो पिवळा डाग सोडतो, म्हणून शेजारी पांढरं लाकूड जोडायचं असेल तर आधी चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात मारून घ्यावा. उंडी आपण होडीचं लाकूड म्हणून सोडून देतो. तिच्या रेषा थराथराने उलटसुलट वळतात, त्यामुळे रंधा टवके काढतो आणि कामगार वैतागतात. पण पातं चांगलं लावून, बारीक कापात, तिरका रंधा चालवा. मग फळी उजेडात फिरवली की पट्टे एका बाजूने उजळतात, दुसऱ्या बाजूने काळवंडतात.

आणि माड! जून माडाच्या बुंध्याचा बाहेरचा भागच घ्यायचा, आतला गर भुसभुशीत. उभ्या कापात गडद तपकिरी सुयांसारखे धागे दिसतात, आडव्या कापात तेच ठिपके होतात. झेब्रावूडच्या पट्ट्यांपुढे मी हे ठिपके बिनदिक्कत ठेवेन. पातं मात्र लवकर बोथटतं, कार्बाईडचंच वापरा. पावसात पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्यात बुरशीने काळ्या शाईसारख्या रेघा उमटतात. ओंडका मऊ पडायच्या आत कापून वाळवला तर ती नक्षी दुसऱ्या कुठल्याच फळीत सापडत नाही.

भट्टीत वाळवलेलं हलत नाही, हे साफ चूक आहे. भट्टी लाकडातलं पाणी काढते, पुन्हा पाणी न घेण्याची हमी देत नाही. लाकूड आसपासच्या हवेशी जुळवून घेतं. आठ-दहा टक्के ओलाव्याचा तुकडा आषाढात मालवणला आणून ठेवा, तो अठराच्या आसपास जाईल. एक फूट रुंदीची फळी तेवढ्यात तीन-चार मिलिमीटर सहज फुगते, मग ती आफ्रिकेची असो की आंबोलीची. म्हणून तर आपल्याकडच्या सुतारांनी दिल्ह्याची दारं केली: दिल्हा, म्हणजे आतली फळी, चौकटीच्या खाचेत मोकळा, ना खिळा ना सरस. पेटीच्या झाकणालाही तोच नियम. शिवाय शिसव-एबनीसारख्या तेलकट लाकडांवर सरस नीट धरत नाही, सांध्याची बाजू ऐनवेळी थिनरने पुसावी लागते. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

किडीबद्दल एवढंच: कुठल्याही झाडाचा बाहेरचा पांढरा भाग किडीला बळी पडतो, परदेशीही. आंब्यात टिकाऊ गाभा जवळजवळ नसतोच, त्यामुळे बोरॅक्स-बोरिक पावडरच्या द्रावणात मुरवल्याशिवाय तो वापरू नये, ही त्याची खरी कमतरता. फणस-असाण्याच्या गाभ्याला मात्र वाळवीही सहसा लागत नाही.

राहिला झाडं वाचवण्याचा मुद्दा. आपली वाचतात आणि दुसऱ्यांची जातात, हे वाचवणं कसलं? शिसवाच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती 2017 पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आफ्रिकेतल्या पडाउकच्या जातीही 2022 च्या पनामा बैठकीत तिथे गेल्या. म्हणजे कागदपत्रांशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार चालत नाही. लाल तुकडा विकणाऱ्याकडे कधी कागद मागून पाहिलेत?

आपल्याकडेही मोकळं रान नाही. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, असाणा आहेतच, स्वतःच्या परड्यातला फणस तोडायलाही परवानगी लागते. पण झाड तोडायची गरजच कुठे आहे? वादळात आडवे झालेले फणस आणि वठलेले माड लोक सरपणाच्या भावाने देऊन टाकतात. जुनी घरं उकलून स्लॅबची घरं होतायत, त्या जुन्या घरांच्या तुळया नि वासे कित्येक दशकं वाळलेले असतात. घर उकलणाऱ्या ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा, आणि करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा. ताजा ओंडका मिळाला तर त्याच दिवशी दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासा, नाहीतर टोकाकडून तडे जातात. फळ्या पाडून, मधे पट्ट्या देऊन पडवीत सावलीला रचा आणि इंचाच्या जाडीला वर्षभर तरी हात लावू नका.