दर्शनी बाजूच नसलेलं कलासंग्रहालय

बरीचशी कलासंग्रहालयं माणसाला दारातच दटावतात, ही माझी जुनी तक्रार. अजस्र खांब, चढतच राहाव्यात अशा पायऱ्या, आत शिरताच आपोआप खाली येणारा आवाज. एकही चित्र बघायच्या आधी आपण अडाणी ठरलेलो असतो. म्हणूनच जपानमधलं कानाझावाचं २१व्या शतकाचं समकालीन कलासंग्रहालय बघून आल्यापासून मी भेटेल त्याला तिथलं सांगत सुटलेय.

काझुयो सेजिमा आणि रयूए निशिझावा या जपानी वास्तुविशारदांच्या जोडीने उभारलेली ही इमारत २००४ साली खुली झाली. ११२.५ मीटर व्यासाचा, काचेने वेढलेला बसका गोल. त्याला पुढची बाजू नाही की मागची नाही, वेगवेगळ्या दिशांना दारं. बाहेरच्या कड्यात कुणीही विनातिकीट फिरावं, बसावं. तिकीट लागतं ते आतल्या प्रदर्शनांना. प्रकाश हेच माध्यम मानणारा अमेरिकन कलाकार जेम्स टरेल याची खोलीसुद्धा या फुकटच्या भागातच आहे! छताला मोठा चौकोनी झरोका, वर उघडं आकाश, बस्स.

अर्जेंटिनाचा कलाकार लिआंद्रो एर्लिच याच्या पोहण्याच्या तलावाशी मात्र मी रेंगाळले. काठावरून बघावं तर पाण्याच्या तळाशी अंगभर कपड्यांतली माणसं आरामात उभी. काचेवर जेमतेम १० सेंटिमीटर पाणी आहे आणि खाली निळी, कोरडी खोली. हे कळल्यावरही गंमत तसूभर कमी होत नाही. खालून एका आजोबांनी हात हलवला आणि वरच्या सगळ्या अनोळखी लोकांनी त्यांना उलट हात केले. समकालीन कला डोक्यावरून जाते म्हणणाऱ्यांनी तो काठ जरूर गाठावा.

इमारत कलेवर कुरघोडी करते, असा आक्षेप स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयावर घेतला जातो. वास्तुविशारद फ्रँक गेरीची ती टायटॅनियमची इमारत (१९९७) स्वतःच एक शिल्प आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण तिची नक्कल करायला निघालेल्या शहरांनी आधी कानाझावाला जावं. एर्लिचचा तलाव काय किंवा मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचा तिरक्या काँक्रीटच्या भिंतीतला काळा लंबगोल काय, या कलाकृती इमारतीसोबतच घडल्या आहेत. त्या लंबगोलासमोर तो खड्डा आहे की नुसता रंग, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नवं संग्रहालय बांधताना कलाकाराला पहिल्या आराखड्यापासून सोबत घ्या, हे माझं ठाम मत आहे.

जाणार असाल तर सोमवार टाळा, प्रदर्शनाची दालनं बंद असतात. आणि तलावाखाली उतरायची वेळ आधीच राखून ठेवा.