ते गाणं बॉब मार्लेचं नाहीच

११ मे, म्हणजे जमैकाचा गायक बॉब मार्ले याची पुण्यतिथी, जवळ आली की एक पोस्ट हमखास फिरते. लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांवर बॉब मार्लेचा हसरा चेहरा, खाली 'डोन्ट वरी, बी हॅपी', आणि मजकूर साधारण असा: हा माणूस गांजा ओढत मजेत जगला, राजकारणाच्या भानगडीत पडला नाही, 'बाई नाही तर रडणं नाही' असं गमतीत सांगून गेला, फुटबॉल खेळताना अंगठ्याला लागलं त्याचा कॅन्सर होऊन छत्तिसाव्या वर्षी वारला, तेव्हा तुम्हीही चिंता सोडा. यंदा ती आमच्या घरच्या ग्रुपवर आली आणि मला राहवलं नाही. वीसेक वर्षं मी या माणसाची गाणी ऐकतोय. या मजकुरात त्याचं वय सोडलं तर धड बरोबर असं फारसं काही नाही.

आधी ते गाणं. ते बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाचं. १९८८ साली आलं, म्हणजे मार्ले जाऊन सात वर्षं झाल्यावर. त्यात एकही वाद्य नाही. सगळे आवाज मॅकफेरिनने स्वतःच्या तोंडातून आणि अंगावर थापा मारून काढलेत. शिवाय ते शब्द कुठून आले ठाऊक आहे? सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांच्या घरी भिंतीवर मेहेरबाबांचं पोस्टर होतं, त्यावर मॅकफेरिनला ते दिसले. पुण्यात जन्मलेले, १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळलेले, अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलणारे मेहेरबाबा. त्यांची समाधी अरणगावजवळ मेहेराबादला आहे. मी नगरचा, त्या रस्त्याने कितीदा गेलोय. आपल्या दारातलं वाक्य आपणच किंग्स्टनच्या गायकाच्या नावावर टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मार्लेचं 'नो वुमन, नो क्राय' हे गाणं. याचा 'बाई नाही तर रडणं नाही' हा अर्थ ऐकला की माझा जीव तुटतो. जमैकाच्या पॅट्वा बोलीत क्रियापदाआधी येणारा हा 'नो' म्हणजे आपला 'नको'. इंग्रजीत हा अर्थ समजावून सांगावा लागतो, मराठीत सरळ येतो: नको गं, रडू नको. गाणं ट्रेंचटाऊन या किंग्स्टनमधल्या गरीब वस्तीच्या सरकारी वाड्यांतलं आहे. मधे अंगण, भोवती खोल्या, नळ आणि चूल सामायिक. मार्ले तिथे वाढला. रात्री सरपण पेटवायचं, मक्याच्या पिठाची पेज रटरटायची आणि ती सगळ्यांनी वाटून खायची. गाण्यात हे सगळं नावानिशी येतं, जाळ घालणारा जॉर्जीसुद्धा. गीतकार म्हणून नाव आहे व्हिन्सेंट फोर्डचं. चाकाच्या खुर्चीत बसणारा हा मित्र ट्रेंचटाऊनमध्ये भुकेल्यांसाठी स्वयंपाकघर चालवायचा. जुलै १९७५ मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात झालेलं ध्वनिमुद्रण ऐका. मार्ले तोंड उघडायच्या आधीच समोरची गर्दी ते गाऊ लागते. बायकांना हिणवणारं गाणं असं कुणी गात नाही.

गांजाबद्दल थोडक्यात. मार्ले ओढायचा, लपवायचाही नाही. पण रास्ताफारी, म्हणजे मार्ले ज्या जमैकन धर्मपंथाचा होता त्याचे लोक, त्यांच्यासाठी ती धर्मातली वनस्पती आहे. ती घेऊन बसायचं, बायबल वाचायचं, वाद घालायचा. तिचं जमैकातलं नावही 'गांजा'च, कारण १८४५ पासून ऊसमळ्यांत नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी ती आणि तिचं नाव तिथे पोचवलं. आणि रास्ता असणं ही चैन नव्हती. १९६३ च्या एप्रिलमध्ये जमैकातल्या कोरल गार्डन्सला रास्ता आणि पोलिसांत रक्तपात झाला, त्यानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला धरलं, कोठडीत डांबलं, जटा कापल्या. जमैकाच्या पंतप्रधानांनी त्याची माफी मागायला २०१७ साल उजाडलं. त्या जटा मार्लेने पुढे जगासमोर मिरवल्या.

'राजकारणात पडला नाही' हे मात्र सगळ्यात मोठं असत्य. १९७६ च्या डिसेंबरात जमैकात निवडणूक होती आणि दोन पक्षांच्या टोळ्या किंग्स्टनमध्ये एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. मार्लेने मोफत कार्यक्रम जाहीर केला. ३ डिसेंबरच्या रात्री ५६, होप रोड या त्याच्या घरात बंदूकधारी घुसले. त्याच्या छातीला चाटून गोळी दंडात शिरली, बायको रीटाच्या डोक्याला गोळी लागली, व्यवस्थापक डॉन टेलर जबर जखमी झाला. दोनच दिवसांनी, ५ तारखेला, तो हजारोंच्या गर्दीपुढे उभा राहिला आणि 'वॉर' गायला. त्या गाण्याचे शब्द जवळजवळ जसेच्या तसे इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याच्या भाषणातले आहेत, ४ ऑक्टोबर १९६३ ला संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या. माणसाच्या कातडीचा रंग डोळ्यांच्या रंगाइतकाच बिनमहत्त्वाचा ठरत नाही, तोवर लढाई चालूच राहील, असं ते सांगतं. गोळी दंडातच राहिली होती.

पुढे २२ एप्रिल १९७८ ला त्याने मायकल मॅनली आणि एडवर्ड सीगा या त्याच दोन पक्षांच्या नेत्यांना, हाडवैऱ्यांना, मंचावर बोलावून दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. हिंसा त्यानंतरही थांबली नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९८० च्या १७ एप्रिलला झिंबाब्वे स्वतंत्र होत असताना तो स्वतःच्या खर्चाने वाद्यं आणि ध्वनियंत्रणा घेऊन रुफारो स्टेडियमवर पोचला. बाहेर अडवलेली माणसं आत घुसू लागली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि धूर मंचापर्यंत आला. डोळे चुरचुरत असतानाही मार्लेने कार्यक्रम पुरा केला.

राहिला अंगठा. फुटबॉलने कॅन्सर होत नाही. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली, १९७७ मध्ये, मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर सापडला. उन्हाशी संबंध नसलेला, तळपाय, तळहात आणि नखांखाली होणारा हा प्रकार; काळ्या-सावळ्या लोकांत मेलानोमा होतो तेव्हा बहुधा हाच. नखाखालचा काळा डाग मार लागल्याचा समजून माणसं सोडून देतात, म्हणून हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. अंगठा कापायचा सल्ला त्याने नाकारला, त्यात श्रद्धेचा भाग होता, हे खरं आहे. नख आणि खालचा भाग काढून मांडीची त्वचा लावली, पण रोग पसरला. २१ सप्टेंबर १९८० ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना तो कोसळला. दोन दिवसांनी, मेंदूत गाठ असल्याचं कळलेलं असताना, पिट्सबर्गला त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. शेवटी त्याने गायलं ते जुना साथीदार पीटर टॉशबरोबर लिहिलेलं 'गेट अप, स्टँड अप': ऊठ, उभा राहा, आपल्या हक्कासाठी उभा राहा.