मेल्यावरही उतरंड

टास्मानियातल्या पोर्ट आर्थर तुरुंगाच्या दफनबेटावरच्या, म्हणजे 'आयल ऑफ द डेड'वरच्या, गाइडसोबतच्या फेरीचा लेख वाचला. ओघवता आहे, पण भुताखेतांना दोन परिच्छेद आणि थडग्यांच्या मांडणीला जेमतेम एक ओळ? या एवढ्याशा बेटावर 1833 ते 1877 या काळात सुमारे 1,100 माणसं पुरली गेली. अधिकारी, सैनिक, त्यांची बायकापोरं उंचवट्यावर, कोरीव दगडांखाली. कैदी खालच्या बाजूला, बहुतेक बिननावाचे. आणि साहेबांचे ते दगड घडवले कुणी, तर कैद्यांनीच! मार्क जेफ्री नावाचा कैदी तर कबरी खणायला बेटावरच झोपडीत राहायचा. स्वतःचीही खणून ठेवली होती त्याने, मेला मात्र भलतीकडेच.

एक महत्त्वाची गोष्ट लेखात राहूनच गेली. 1841 मध्ये पोर्ट आर्थरचा भांडार-अधिकारी थॉमस लेम्प्रिएर आणि ध्रुवप्रदेशाचा संशोधक जेम्स क्लार्क रॉस यांनी याच बेटाच्या खडकावर भरती-ओहोटी मोजण्यासाठी खूण कोरून घेतली. समुद्राची पातळी किती वाढली हे ताडून पाहायला अभ्यासकांना ती आजच्या काळातही उपयोगी पडली आहे. जाणाऱ्यांनी गाइडला भुतांआधी तिच्याबद्दल विचारावं.