तबकडीतून पडलेले आरसे?

सध्या सोलापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायलाय. सोसायटीचा ग्रुप असो, मंडळाचा असो नाहीतर एमआयडीसीतल्या कारखानदारांचा, मजकूर तोच. थोडक्यात असा: १९४७ च्या जुलैमध्ये अमेरिकेत रॉसवेलजवळ उडती तबकडी कोसळली. तिच्या अवशेषांतून ट्रान्झिस्टर, ऑप्टिकल फायबर आणि लेझर मिळाले. प्रोजेक्टरमधले केसाहून बारीक लाखो आरसे आणि मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरवणारा ‘गुरुत्व ओळखणारा धातू’ हेही त्यातलेच. माणसाच्या हाताला इतकं बारीक काम जमणंच शक्य नाही, हे शोध आयते तयार आले, आणि सरकारं-कंपन्यांनी ते दडवलं. शेवटी नेहमीचं: शाळेत हे मुद्दाम शिकवत नाहीत, दहा जणांना पाठवा.

ही कथा इथली नाही. फिलिप कॉर्सो नावाच्या अमेरिकी लष्करातल्या निवृत्त लेफ्टनंट कर्नलनं १९९७ मध्ये पुस्तक लिहून असा दावा केला की, रॉसवेलच्या अवशेषांतल्या वस्तू आपणच उद्योगांपर्यंत पोचवल्या. मराठीत येईपर्यंत तिला आरसे आणि धातू चिकटले. आता मेसेजच्याच क्रमानं जाऊ.

‘तबकडी जुलैत पडली, ट्रान्झिस्टर डिसेंबरात आला, त्याआधी काहीच नव्हतं.’ तारखा बरोबर आहेत. ८ जुलै १९४७ ला लष्करानं ‘तबकडी सापडली’ असं जाहीर केलं आणि लगेच शब्द फिरवून हवामानाचा फुगा म्हटलं. १९९४ मध्ये अमेरिकी हवाई दलानं सांगितलं की ते अवशेष ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांचे होते. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज उंच हवेतून टिपायचा त्यांचा हेतू. म्हणजे लपवाछपवी झाली होती, ती फुग्यांची.

पण ‘त्याआधी काहीच नव्हतं’ हे साफ खोटं. ट्रान्झिस्टर म्हणजे सिलिकॉन-जर्मेनियमसारख्या स्फटिकातून जाणाऱ्या विजेला आवर घालणारा बारीक पुर्जा. काही स्फटिकांतून वीज एका दिशेनं जास्त वाहते हे फर्डिनांड ब्राउननं १८७४ मध्ये नोंदवलं होतं. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजावर टोकदार तार टेकवून विद्युतचुंबकीय लहरी पकडल्या. त्याच्या अमेरिकी पेटंटचा अर्ज १९०१ चा, पेटंट मिळालं १९०४ मध्ये. लिलिएनफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञानं आज ज्याला फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर म्हणतात त्या कल्पनेच्या पेटंटचा अर्ज १९२५ मध्ये कॅनडात केला होता. अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब या प्रयोगशाळेत रसेल ओल यांना १९४० मध्ये तडा गेलेल्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर उजेड पडला की व्होल्टेज येताना दिसलं, आणि पीएन जंक्शन, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनचा सांधा, हाती लागलं. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी सिलिकॉन आणि जर्मेनियम शुद्ध करण्याचं काम जोरात चाललं होतं. हे सगळं तबकडीच्या आधीचं.

आणि डिसेंबर १९४७ चा तो पहिला ट्रान्झिस्टर होता कसा? प्लास्टिकच्या एका त्रिकोणी तुकड्याच्या कडेला सोन्याचा वर्ख चिकटवलेला. बेल लॅबच्याच ब्रॅटन यांनी तो टोकाशी ब्लेडनं चिरला, म्हणजे अगदी जवळजवळ दोन टोकं तयार झाली, आणि स्प्रिंगनं तो तुकडा जर्मेनियमवर दाबून धरला. तारे ओलांडून आलेल्यांचं तंत्र हाती लागलेला माणूस ब्लेड आणि स्प्रिंग घेऊन कशाला बसेल?

‘ऑप्टिकल फायबर आणि लेझर तिथूनच.’ पाण्याच्या धारेतून उजेड वळतो हे जिनिव्हात कोलादोंनं १८४० च्या दशकात लोकांना दाखवलं होतं. १९३० मध्ये हाइनरिश लाम या वैद्यकीय विद्यार्थ्यानं काचतंतूंच्या जुडग्यातून विजेच्या दिव्याच्या तारेची प्रतिमा पलीकडं नेली. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि आपले मोगा इथले नरिंदरसिंग कपानी यांनी तेच बरंच सुधारून छापलं. तरी दूरसंचाराला त्याचा उपयोग नव्हता, कारण त्या काळच्या काचेत वीस-एक मीटरवर शंभरातला एकच हिस्सा उजेड शिल्लक राहायचा. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये म्हटलं की दोष तंतूच्या कल्पनेचा नसून काचेतल्या अशुद्धींचा आहे. एक किलोमीटरवर शंभरातला एक हिस्सा उरला तरी काम होईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी ती मर्यादा ओलांडली. २००९ मध्ये काओंना नोबेल मिळालं. तबकडीत तयार तंतू असते तर वीसेक वर्षं काच शुद्ध करण्यात कशाला घालवली असती? लेझरबद्दल एवढंच, की त्याचं तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडलं होतं आणि मेमन यांनी १९६० मध्ये ते माणकाच्या कांडीत, फोटोग्राफीच्या फ्लॅशसारखा दिवा वापरून चालवून दाखवलं.

आता आरसे. इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण प्रोजेक्टरची दुरुस्ती हा माझा धंदा आहे आणि ते आरसे मी रोज बघतो.

‘केसाहून बारीक लाखो आरसे माणूस बसवणार कसे?’ बसवतच नाही. आरसे आधी बनवून नंतर लावलेले नसतात, ते जागेवरच घडतात. खाली सिलिकॉनवर मेमरीचं सर्किट असतं, प्रत्येक आरशासाठी एक घर. त्यावर प्रकाशाला संवेदनशील असा राळेचा थर चढवतात, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर, मग पुन्हा राळ, पुन्हा ॲल्युमिनियम. दरवेळी नकाशातून उजेड पाडून नको तो भाग कोरून काढायचा. सगळ्यात शेवटी मधली राळ प्लाझ्मानं, म्हणजे विद्युतभारित वायूनं, जाळून टाकली की आरसे आपापल्या बारीक बिजागरीवर मोकळे होतात. १०२४ गुणिले ७६८ च्या साध्या प्रोजेक्टरात ७,८६,४३२ आरसे, आणि सगळे एकाच वेळी तयार. आपल्या चादरीवर मोर उठतो तेव्हा विणकर एकेक धागा चिमटीत धरून उचलत नाही, जेकार्डचा भोकं पाडलेला पुठ्ठा ते काम सगळ्या धाग्यांना एकदम सांगतो. इथं पुठ्ठ्याच्या जागी नकाशा आहे आणि सुईच्या जागी उजेड.

उजेडानं नकाशा उतरवण्याची युक्तीही कुठून आली बघा. १९५७ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांना बॉम्बच्या फ्यूजसाठी बारीक सर्किट हवं होतं. त्यांनी मायक्रोस्कोप उलटा वापरला: बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या भिंगांतून मोठी आकृती लहान करून पाडली. मायक्रोस्कोपही होता आणि कोडॅकचं फोटोरेझिस्टही, म्हणजे तसलीच उजेडाला संवेदनशील राळ, बाजारात मिळत होतं.

माझ्याकडं या आरशांच्या निकामी झालेल्या चिप पडून असतात. ज्याला शंका असेल त्यानं शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली एक ठेवून बघावी. खालून येणारा उजेड कामाचा नाही, चिपमधून तो पार जात नाही. बाजूनं टॉर्च मारायचा. वर काचेची खिडकी असल्यानं ४० चं भिंग तिला टेकतं, १० चं पुरतं. टॉर्च हळूहळू तिरका करत गेलात की एका क्षणी काळं मैदान अचानक चौकटी-चौकटींनी लखलखतं. प्रत्येक चौकट साधारण १६ मायक्रोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीत चार-पाच मावतील अशी. चालू असताना प्रत्येक आरसा एका बाजूला दहा-बारा अंश कलला की उजेड भिंगाकडं, दुसऱ्या बाजूला कलला की वाया. मधली छटा नाहीच. राखाडी रंग हवा असेल तर तो आरसा सेकंदात हजारो वेळा इकडं-तिकडं होतो आणि डोळा त्याची सरासरी काढतो.

‘हाताला जमणंच शक्य नाही’ याचं आणखी एक उत्तर आहे, आणि ते मला फार आवडतं. २९ डिसेंबर १९५९ ला भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेतल्या भाषणात हजार डॉलरचं बक्षीस लावलं: इंचाच्या ६४ व्या भागाच्या घनात बसेल अशी विजेची मोटर करून दाखवा. त्यांना वाटलं, यासाठी नवं तंत्र शोधावं लागेल. वर्षभरात विल्यम मॅक्लेलन नावाचा इंजिनिअर मोठं खोकं घेऊन त्यांच्याकडं आला. खोक्यात मायक्रोस्कोप होता, आणि त्याखाली १३ भागांची, २५० मायक्रोग्रॅमची, चालती मोटर. घड्याळजी वापरतात तसल्या हत्यारांनी, हातानं केलेली. फाइनमन यांनी पैसे दिले, पण थोडे हिरमुसले, कारण नवं तंत्र काही निघालंच नाही. आपल्या नवी पेठेतल्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांना यात नवल वाटायचं नाही.

‘शोध आयते, एकदम आले.’ मेसेजमधला हा सगळ्यात कच्चा मुद्दा. हार्वे नेथनसन यांनी वेस्टिंगहाउसमध्ये १९६५ मध्ये सिलिकॉनवर थरथरणारी सोन्याची बारीक दांडी बनवली. ती बाजारात टिकली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक १९७७ पासून आरशांच्या मागं लागले होते. त्यांचे पहिले आरसे व्होल्टेजप्रमाणं कमी-जास्त वाकणारे होते, आणि लाखो आरसे सारखेच वाकावेत हे काही जमेना. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, त्यांनी वाकणं सोडून दिलं आणि आरसा इकडं किंवा तिकडं असा दोनच जागी टेकू दिला. त्याचं पहिलं विकाऊ यंत्र काय असेल? विमानाची तिकिटं छापणारा प्रिंटर, एका ओळीत ८४० आरसे. प्रोजेक्टर १९९६ मध्ये आला. २०१५ मध्ये हॉर्नबेक यांना ऑस्करही मिळालं, सिनेमाघरं डिजिटल झाल्याबद्दल. परग्रहावरून आलेलं तंत्रज्ञान तिकीट छापायला लावणारे लोक फारच काटकसरी म्हणायचे.

आणि अडचणी तर कशा! वस्तू लांबी-रुंदी-उंचीत हजारपट लहान केली की वजन शंभर कोटी पटीनं घटतं, पण पृष्ठभाग दहा लाख पटीनंच. त्यामुळं या आकाराला गुरुत्वाची फिकीर नाही, पण चिकटण्याची भारी. दोन भाग एकमेकांना टेकले की टेकलेच राहतात, ओलावा असला तर अधिकच. त्यासाठी टेकण्याच्या जागी बारीक स्प्रिंगसारखी टोकं दिली, न चिकटणारा लेप दिला, आतली हवा कोरडी ठेवली. माझ्या टेबलावर येणारे बरेच जुने प्रोजेक्टर पडद्यावर पांढरे ठिपके दाखवतात, चांदण्या पडल्यासारखे. तो प्रत्येक ठिपका म्हणजे अडकून बसलेला आरसा. मे महिन्याचं सोलापूरचं ऊन, फिल्टरात माग-कारखान्यांतलं कापसाचं बारीक तूस, आणि तीन वर्षांत एकदाही न साफ केलेला पंखा. चिप भाजते, आरसे बसतात. फिल्टर धुवा हो, एवढंच माझं गिऱ्हाइकांना सांगणं असतं.

‘गुरुत्व ओळखणारा धातू’ म्हणजे तर धातूच नाही, सिलिकॉन आहे. फोनमधल्या ॲक्सेलरोमीटरमध्ये सिलिकॉनचा एक ठोकळा स्वतःच्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दात, आणि त्या दातांमध्ये शिरलेले दुसरे स्थिर दात. फोन कलला की ठोकळा किंचित सरकतो, दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर कपॅसिटन्स, म्हणजे दातांमधली वीज साठवण्याची क्षमता, बदलतो, आणि सर्किट तो मोजतं. सिलिकॉनचं पहिलं ॲक्सेलरोमीटर यंत्र स्टॅनफर्डमध्ये रॉयलन्स आणि अँजेल यांनी १९७९ मध्ये केलं. धंदा मिळाला तो १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगमुळं. फोन फार नंतर आला. सिलिकॉनमध्ये खोल आणि सरळ भिंतींची खाच कोरण्याची रीतही त्याच दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत बॉश कंपनीच्या लेर्मर आणि शिल्प यांनी बसवली: थोडं कोरायचं, भिंतींवर लेप द्यायचा, पुन्हा थोडं कोरायचं. याच कामासाठी दोघांना २००७ मध्ये युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला.

‘सगळं दडवून ठेवलं.’ अमेरिकेत लष्करी कारणासाठी काही पेटंट गुप्त ठेवता येतात, तसा १९५१ चा कायदाच आहे, हे मान्य. पण वर सांगितलेलं काम गुप्त नाही. पेटंट घ्यायचं म्हणजे वस्तू कशी बनवली हे आकृत्यांसह सरकारदरबारी उघड मांडायचं, त्या बदल्यात काही वर्षं मक्तेदारी मिळते. हॉर्नबेक यांची, बॉशची, बोस यांचीही पेटंटं घरबसल्या फुकट वाचता येतात. मेसेज टाइप करायला लागला त्याहून कमी वेळात डाउनलोड होतात.

राहिलं ‘शाळेत शिकवत नाहीत’. काचतंतू ज्यावर चालतो ते टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन अकरावीच्या प्रकाशाच्या धड्यात आहे, सेमिकंडक्टर बारावीला आहे. मेसेज पुढं पाठवणाऱ्यांत क्लासचे दोन सर दिसले. दोघांकडंही हे दोन्ही धडे शिकवायला माझ्याकडचेच प्रोजेक्टर भाड्यानं जातात.