आमिश पोरांच्या रील काढणाऱ्यांनो

आज सकाळी आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एक रील आली. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतला रस्ता, आमिश (घरात विजेची तार आणि स्वतःची मोटार न ठेवणारा, साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ) पोरं शाळेतून घरी चाललीत, आणि आपल्यातलेच एक सद्गृहस्थ गाडी हळू करून त्यांच्या तोंडासमोर फोन धरतायत. वर ढोलकीचं गाणं. एका पोरीने हाताने तोंड झाकलं, तर खाली कमेंट 'सो क्यूट'! मग आणखी: 'हे अजून अठराव्या शतकात', 'हे टॅक्स भरत नाहीत'.

डोकं फिरलं माझं.

पाहुणे आले की आपण सगळेच लँकेस्टर दाखवतो. दाखवा. तिथल्या बऱ्याच जणांचं पोट पर्यटकांवर चालतं, मान्य. पण समोर उभं राहून काढलेला चेहऱ्याचा फोटो त्यांना चालत नाही. बायबलात प्रतिमा करू नको म्हटलंय म्हणून. पोरींच्या कापडी बाहुल्यांनासुद्धा नाकडोळे नसतात. एवढं ठाऊक असूनही काढायचाच?

माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्हीही गेलो होतो. रस्त्याकडेला एका आमिश बाईंचा भाजीचा स्टॉल होता. सासूबाई सांगलीकडच्या, जन्म गोठ्यात गेलेला. मला म्हणाल्या, "विचार गं, वीज नाही तर दूध नासत नाही?" बाई एकदम खुलल्या. डिझेल इंजिनावर टाकी गार ठेवतात, आतलं दूध ढवळणारं पातं बॅटरीवर फिरतं, मग डेअरीचा टँकर येतो. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे यंत्र आहे की! बाहेरनं तार तेवढी नको."

संपला विषय. इथे वर्षानुवर्षं राहून 'हे अजून अठराव्या शतकात' लिहिणाऱ्यांना जे कळलं नाही ते त्यांना टोमॅटो निवडता निवडता कळलं. तारेबरोबर बाहेरचं जग घरात शिरतं, म्हणून तार नको. स्वतःची गाडी असली की माणसं पांगतात, म्हणून ती नको. दवाखान्यात जायला ड्रायव्हरसकट भाड्याची चालते. फोन घरात नाही, बाहेर खोपटात. काय घ्यायचं, काय नाही, हे वीस-चाळीस कुटुंबांची मंडळी मिळून ठरवते. ढोंग म्हणा हवं तर. आमच्याकडे चौघांत जेवताना फोन बाजूला ठेवायचं ठरत नाही.

आणि 'टॅक्स भरत नाहीत' वाले दादा, इन्कम टॅक्स भरतात, प्रॉपर्टी टॅक्सही भरतात, वर स्वतःच्या शाळा स्वतःच्या पैशाने चालवतात. सूट आहे ती सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनच्या वर्गणीची, १९६५ पासून, आणि मग ती पेन्शनही घेत नाहीत. म्हातारपणी बघतं घरच. त्या स्टॉलवाल्या बाईंनी मोठ्या घराला चिकटलेलं छोटं घर दाखवलं, "तिथे माझे सासू-सासरे." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. (तो विषय इथे नको.)

सगळं गोड नाही. आठवीनंतर शाळा बंद, हे मला पटत नाही. १९७२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला तरी पटत नाही. आणि बाप्तिस्मा घेऊन नंतर सोडून जाणाऱ्याला वाळीत टाकणं? आपल्या जातपंचायतींना शिव्या घालणारी मी, त्याला चांगलं म्हणणार नाही.

पण ती शाळेतून येणारी पोरं बघून मला निकेल माइन्स आठवलं. तीच काउंटी. २ ऑक्टोबर २००६. एक माणूस एका खोलीच्या आमिश शाळेत बंदूक घेऊन शिरला, दहा मुलींना गोळ्या घातल्या. पाच गेल्या. त्याने स्वतःलाही संपवलं. आणि काही तासांतच आमिश माणसं त्याच्या बायकोला धीर द्यायला तिच्या दारात. पुढे त्याच्या दफनालाही गेली. मला नाही जमणार. जमावं की नाही, तेही सांगता येत नाही. लिहितानाच घसा दाटून येतोय.

तेव्हाही कॅमेरेवाल्यांची तिथे रांग लागली होती. ते निदान बातमीसाठी आले होते हो! तुम्ही कशासाठी? लाइकसाठी?

त्या स्टॉलवर आमच्या मागून आलेल्या एकाने फोन वर केला, तशा बाई पाठमोऱ्या झाल्या. सासूबाई पदर पसरून मधे उभ्या राहिल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "ठेव तो खाली." ठेवला त्याने.

पुढच्या महिन्यात मंडळाची बस लँकेस्टरला निघतेय. मी येतेय. घोड्यांचे काढा, मक्याचे काढा, शूफ्लाय पायचे (तिथला काकवीचा गोड पदार्थ) हवे तेवढे काढा. माणसासमोर फोन वर गेला तर मी ओरडणार, आणि माझा आवाज गणपतीच्या आरतीत सगळ्यांनी ऐकलाय.