सर, हे पेपरला येतंय का?

या एका प्रश्नानं माझं डोकं फिरतं. परवा आमच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासात मुक्ता साळवे शिकवत होतो. फुल्यांच्या शाळेत शिकलेली पोरगी. 1855 मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे त्या शाळकरी पोरीनं लिहून ठेवलंय. मी ते वाचून दाखवतोय आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, हे पेपरला येतंय का? नसंल तर म्होरं चला की." बाकीच्यांनी पेनं खाली ठेवलेली. म्हणजे प्रश्न एकट्याचा नव्हताच!

पोरांना घाई असते, ते कळतं मला. घरी बापानं कापूस विकून पाठवलेल्या पैशात खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी भागवायची. भरतीची जाहिरात कधी निघेल पत्ता नाही आणि वय निघून चाललंय. पण या घाईवर दुकानं थाटून बसलेल्यांचं काय करायचं? आमच्या क्लासचे मालक मला सांगतात, समाजसुधारक दोन लेक्चरमध्ये उरका, वर एक ट्रिक द्या. कसली ट्रिक? सगळ्या संस्थांची पहिली अक्षरं जोडून एक अर्थहीन वाक्य बनवायचं, पोरांनी ते घोकायचं, झालं एकोणिसावं शतक संपूर्ण! त्या वाक्यात 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह एका अक्षरात बसतं. फसवल्या गेलेल्या विधवांना लपून बाळंत व्हायला आणि मूल जिवंत ठेवायला जोतीराव-सावित्रीबाईंनी स्वतःच्या घराचं दार उघडलं, तिथंच जन्मलेला यशवंत दत्तक घेतला. त्याच यशवंताच्या दवाखान्यात प्लेगचे रुग्ण पोचवताना 1897 मध्ये सावित्रीबाई गेल्या. हे कोणत्या अक्षरात बसवू?

आणि गाईडं! एका पोरीनं पुस्तक पुढं केलं. जोड्या लावा: सत्यशोधक समाज 1875, आर्य समाज 1873. सरळ उलटं छापलेलं. मी म्हटलं, बाई, फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला 1873 ला, दयानंदांनी मुंबईत आर्य समाज 1875 ला. तर ती रडवेली होऊन म्हणते, "पण सर, मी पिवळ्या पेनानं खुणा करून पाठ केलंय आता." तिचं काय चुकलं? पैसे मोजून घेतलं होतं तिनं ते पुस्तक. छापणाऱ्याला एकदा तपासून घ्यायला काय झालं होतं?

सगळ्यात जास्त तिडीक कशाची येते सांगू? फुल्यांना एक तास जास्त दिला की "सर कोणते आहेत?" अशी चौकशी सुरू होते. आगरकर रंगून शिकवले तरी तीच चौकशी, फक्त विचारणारे दुसरे. जात विचारायलेत, जात! 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांवर मुरुडच्या त्यांच्याच लोकांनी बहिष्कार टाकला. विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी 1906 मध्ये मिशन काढलं, ते स्वतः मराठा. हे शिकायला बसलेली पोरं आपापला सुधारक वाटून घेतात. आणि हे घडतं कुठं, तर ज्या शहरात बाबासाहेबांनी 1950 मध्ये कॉलेज उभं केलं, त्या संभाजीनगरात. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं त्या नामांतराची 14 जानेवारी 1994 ही तारीख झोपेत विचारली तरी सांगतील. त्याआधीच्या सोळा वर्षांत मराठवाड्यात कुणाची घरं जळाली, का जळाली, विचारा. वर्ग चिडीचूप.

बरं, परीक्षेचंच बोलायचं तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. आता इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढं 1882 मध्ये फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं का सांगितलं, शेतकऱ्याच्या पैशातून सरकार वरच्यांच्या शिक्षणावर खर्च करतं हा त्यांचा आक्षेप काय होता, हे स्वतःच्या वाक्यांत लिहावं लागेल. तिथं ती ट्रिक काय कामाची? तरी मालकांचा कालच निरोप: रविवारच्या टेस्टला पन्नास वनलायनर पाठवा.

नाही पाठवणार. सकाळच्या बॅचला हंटर आयोग आहे, आणि तो पुरा तास घेणार आहे. ज्याला नको असेल त्यानं त्या तासाला येऊ नये.