राजीनामा देऊन परिक्रमेला निघताना

खरं कारण कुणाला सांगू नका. ‘झोप लागत नाही, मॅनेजर रात्री अकराला कॉल लावतो’ हे एचआरलाही पटत नाही आणि घरी तर मुळीच नाही. ‘मय्याने बोलावलंय’ म्हणा. स्पितीला एकटा चाललो म्हणणाऱ्याला सगळे वेड्यात काढतात; नर्मदा परिक्रमेला निघालेल्याला अडवायची सासऱ्यांचीही टाप नसते.

नोटीस पिरियडचे ९० दिवस सत्कारणी लावा. परिक्रमेवरची मराठी पुस्तकं वाचायला तेवढे पुरणार नाहीत, पण एक्सेल शीट होईल. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठांचे दुप्पट, वर आडवाटा. परंपरा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस सांगते. तुम्ही चार महिन्यांत उरका. डेडलाइनला कंटाळून निघालेल्या माणसाला एवढी डेडलाइन हवीच. चातुर्मासात एका जागी थांबावं लागतं, म्हणजे प्रोजेक्टविना बसवून ठेवतात तो कंपनीतला बेंचच. तेव्हा निघायचं ते कार्तिकी एकादशीनंतर.

ओंकारेश्वरला संकल्प सोडा, नदी उजव्या हाताला ठेवा, चालू लागा. एकटेच जा. एकांत मिळाल्याचं सगळ्यांना लगेच कळवता यावं म्हणून पॉवर बँक दोन घ्या. मुक्कामी पोचल्यावर पाय धुण्याआधी स्टेटस टाका: आज किती चाललो, उद्या कुठवर, अडचणी काय. शेवटी हात सवयीने ‘रिगार्ड्स’ लिहील. ते खोडून ‘नर्मदे हर’ करा.

शूलपाणीच्या झाडीत मात्र जपून. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना अंगावरच्या कपड्यांसकट लुटायचे. आता त्याच भागातल्या पाड्यांवर लोक हाक मारून जेवायला बसवतात, त्यामुळे सांगण्यासारखं फार काही घडत नाही. जुनी वाट कुठे गेली, असं यजमानाला चुकूनही विचारू नका. ती सरदार सरोवराखाली गेली, आणि तिच्याबरोबर नंदुरबार जिल्ह्यातली गावंही. एकदा का तो बुडालेली जमीन, पुनर्वसन, तालुक्याच्या खेपा असं सांगायला लागला की तुमची नुकतीच लागलेली निर्विचार अवस्था मोडलीच म्हणून समजा. (तिच्यासाठी तर पगार सोडलात.) दुसरी भाकरी मागून घ्या, ‘मय्याने सोय केली’ म्हणा आणि उठा. भाकरी थापणारी बाई आत चुलीपाशीच असते, तिला ऐकू जात नाही.

नदी समुद्राला मिळते तिथे, विमलेश्वरला, पलीकडच्या काठावर नेणाऱ्या होडीसाठी भरतीची वाट पाहावी लागते. तिथे कुणाला एस्कलेट करता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

परतल्यावर रेझ्युमेत ‘सबॅटिकल’ लिहा. मग पुस्तक. मुखपृष्ठावर पाण्याकडे पाहणारा स्वतःचा पाठमोरा फोटो, आत जागोजागी समोरून काढलेले. ‘माझा अहंकार कसा गळाला’ हे प्रकरण हवंच, आणि ते सगळ्यांत मोठं ठेवा.